प्लुरॉनिक एफ१२७: पावडर उत्तम, डब्यावरचं सूत्र मात्र तपासून घ्या

पाण्यात ब्लॉक कोपॉलिमरची (वेगवेगळ्या मोनोमरचे सलग तुकडे जोडलेल्या साखळ्यांची) मायसेल्स, म्हणजे साखळ्या आपोआप जमून होणारे नॅनोमीटर आकाराचे गोळे, बनवायची आणि त्यांच्या आत काय आहे ते मोजायचं, या कामाला सुरुवात करायची असेल तर प्लुरॉनिक एफ१२७ घ्यावं. पांढरी, मेणचट पावडर, साधारण ५६ अंशांना वितळणारी. थंड पाण्यात टाकली की विरघळते. आधी सेंद्रिय विद्रावकात विरघळवा, मग थेंबथेंब पाणी घाला, मग डायलिसिसला लावा, असली यातायात नाही. फार महागही नाही. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो एकाच गोष्टीसाठी: डब्यावरचं रेणुसूत्र आणि डब्यातला माल यांत अंतर असतं, आणि मायसेलच्या आतला जवळजवळ प्रत्येक आकडा त्या सूत्रावर उभा असतो.

आधी नावांचा गुंता. प्लुरॉनिक हे मूळ अमेरिकेतल्या मिशिगनच्या वायंडॉट केमिकल्सचं नाव. ती कंपनी पुढे बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने घेतली. हाच पॉलिमर फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, पोलॉक्झामर ४०७ म्हणून आहे. औषधी दर्जाचा माल बीएएसएफ कॉलिफोर पी ४०७ या नावाने विकते, जुन्या पेपरांत तोच ल्युट्रॉल एफ १२७ म्हणून भेटतो, आणि क्रोडाचं सिनपेरॉनिक पीई/एफ१२७ही त्याच जातीचं. सिग्माचा पी२४४३ हा सेल कल्चरसाठीचा माल बहुतेक विद्यापीठांच्या कपाटांत सापडतो. एफ म्हणजे फ्लेक, म्हणजे घन. १२ गुणिले ३०० हा मधल्या पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा, म्हणजे पीपीओचा, ढोबळ रेणुभार. शेवटचा ७ म्हणजे ७० टक्के पॉलिएथिलीन ऑक्साइड, म्हणजे पीईओ. पोलॉक्झामरच्या पद्धतीत ४० गुणिले १०० आणि तेच ७० टक्के. एकाच रेणूचा मधला तुकडा एका नावाने ३६००, दुसऱ्याने ४०००. इथूनच भानगड सुरू होते.

डब्यात नक्की काय आहे

पेपरांत एफ१२७ची दोन सूत्रं फिरतात (ईओ आणि पीओ म्हणजे पीईओ आणि पीपीओचं एकेक एकक, पुढचा आकडा त्यांची संख्या): ईओ१००-पीओ६५-ईओ१००, रेणुभार सुमारे १२,६००, आणि ईओ१०१-पीओ५६-ईओ१०१, रेणुभार सुमारे १२,१००. पहिल्यात पीईओचं वजन ७० टक्के येतं, दुसऱ्यात ७३.२. अमेरिकन फार्माकोपियाची अट ७३.२ अधिक-उणे १.७ टक्के अशी आहे, म्हणजे ७१.५ ते ७४.९. थोडक्यात, नावातलं ७० टक्के औषधी दर्जाच्या मर्यादेतच बसत नाही. तरीही निम्मं जग पहिलं सूत्र वापरतं, कारण आधीच्या पेपरात तेच होतं.

आपल्या डब्याचा आकडा काढायला अर्धा तास पुरतो. चांगला वाळवलेला नमुना ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन प्रोटॉन एनएमआर (कोणत्या गटात किती हायड्रोजन ते दाखवणारा वर्णपट) काढा. १.१ पीपीएमजवळची (इथे पीपीएम हे वर्णपटाच्या अक्षाचं एकक) मिथाइलची शिखरं (क्षेत्रफळ अ) फक्त पीपीओची; ३.२ ते ३.८ पीपीएममधला घोळका (क्षेत्रफळ ब) दोन्हींचा. ब भागिले अ, वजा एक, हा आकडा क्ष. पीईओचे वजनी टक्के = ३३००क्ष भागिले (३३क्ष + ५८). फार्माकोपियाची रीतही हीच. हे जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्यात), खोलीच्या तापमानात करायला जाऊ नये: मायसेल्स बनलेली असली तर मिथाइलचं शिखर रुंदावतं, क्षेत्रफळ चुकतं आणि पीईओ उगाच जास्त दिसतं.

दुसरी गोष्ट अधिक चिवट. प्रॉपिलीन ऑक्साइडची साखळी वाढत असताना काही मोनोमरवरचा हायड्रोजन निघून जातो आणि टोकाला अलाइल गट असलेली नवी साखळी सुरू होते. तिला वाढायला एकच टोक असतं. त्यामुळे पुढे एथिलीन ऑक्साइड जोडलं की तीन तुकड्यांच्या ट्रायब्लॉकऐवजी दोन तुकड्यांचा डायब्लॉक तयार होतो. जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीत (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करण्याच्या रीतीत) मुख्य शिखराच्या कमी रेणुभाराकडे जो खांदा दिसतो, तो हाच. किती असतो? फार्माकोपिया असंपृक्ततेची, म्हणजे अशा अलाइल टोकांच्या दुहेरी बंधांची, मर्यादा ग्रॅममागे ०.०४८ अधिक-उणे ०.०१७ मिलिइक्विव्हॅलंट देते. डायब्लॉकचा रेणुभार साधारण ६,००० धरला तर ०.०४८ म्हणजे वजनाने सुमारे २९ टक्के. मर्यादेची दोन टोकं घेतली तर १९ आणि ३९. हा ढोबळ हिशेब आहे, पण लॉट बदलला की मायसेल का बदलतं हे समजायला पुरेसा आहे. विश्लेषण प्रमाणपत्रावर असंपृक्ततेचा आकडा असतो. लोक शुद्धता बघतात आणि तो सोडून देतात.

यात बहुतेक वेळा सुमारे १०० पीपीएम बीएचटी हा अँटिऑक्सिडंटही घातलेला असतो. मायसेलला त्याने फरक पडत नाही. पण २० टक्क्यांच्या द्रावणात तो २० पीपीएम होतो आणि २८० नॅनोमीटरजवळ शोषण दाखवतो. तिथेच प्रथिन मोजायचं असेल तर ब्लँक त्याच लॉटचा, त्याच संहतीचा हवा.

द्रावण

रीत एकच, थंडीची. १०० ग्रॅम २० टक्के द्रावणासाठी ८० ग्रॅम पाणी ४ ते ५ अंशांवर आणा, त्यात २० ग्रॅम पावडर हळूहळू भुरभुरा, मॅग्नेटिक स्टिररचा वेग कमी ठेवा, आणि बाटली बंद करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फेस खाली बसलेला आणि द्रावण काचेसारखं स्वच्छ असतं. मोजमाप वजनानेच, कारण जेलचं आकारमान मोजणं म्हणजे स्वतःची फसवणूक. घाईने जोरात ढवळलं तर इतका फेस होतो की तो उतरायला तास जातात. कोमट पाणी घेतलं तर प्रत्येक कणाभोवती जेलचं कवच बनतं आणि आतली पावडर कोरडीच राहते. मे महिन्यात नागपूरला एसी बंद असलेल्या प्रयोगशाळेत हे नुसत्या खोलीच्या तापमानानेही होतं. गुठळ्या झाल्याच तर ढवळत बसू नका. बाटली परत फ्रिजमध्ये टाका, आपोआप सुटतील.

गाळायचं तेही थंडच, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, सिरिंज आणि फिल्टर आधी फ्रिजमध्ये ठेवून. ऑटोक्लेव्ह चालतो, पण आधी आणि नंतर वजन करा; उडालेलं पाणी परत घातलं नाही तर २० टक्क्यांचे २१ कधी झाले ते कळणार नाही.

तापमान म्हणजेच सर्व काही

साध्या साबणाची क्रिटिकल मायसेल संहती (जिच्यापासून मायसेल बनू लागतात ती) तापमानाने थोडीफार हलते. एफ१२७ची कोसळते. अलेक्झांड्रिडिस, होल्झवार्थ आणि हॅटन यांनी १९९४ मध्ये मायसेलमध्ये शिरणाऱ्या डीपीएच रंगाच्या शोषणावरून दिलेले आकडे आजही कामाचे आहेत: २० अंशांना सुमारे ४ टक्के, २५ला ०.७, ३०ला ०.१, ३५ला ०.०२५, ४०ला ०.००८. वीस अंशांत पाचशेपट. कारण पीपीओ गार पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. तापलं की त्याच्याभोवतीचं पाणी सुटतं आणि मधले तुकडे एकमेकांना धरतात. म्हणून डीएससीत (तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) मायसेल बनताना उष्णता शोषली जाते, एफ१२७च्या मोलमागे दोन-अडीचशे किलोज्यूल. शिखर रुंद असतं, कारण माल एकजिनसी नाही: लांब पीपीओच्या साखळ्या आधी जमतात, आखूड नंतर.

व्यवहारात याचा अर्थ असा. १ टक्क्याचं द्रावण २५ अंशांवर मोजत असाल तर तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात. दोन अंश इकडेतिकडे झाले की मायसेल आणि सुट्या साखळ्यांचं प्रमाण बदलतं. मायसेलची रचना पाहायची तर ३७ किंवा ४० अंशांवर जा. मीठही ढकलतं: क्लोराइड, फॉस्फेट, सल्फेट मायसेलचं तापमान खाली आणतात, थायोसायनेट वर नेतं. शुद्ध पाण्यातला आकडा पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) तसाच वापरू नये.

आत काय आहे

आता मुख्य मुद्दा. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात मध्ये तेलाचा कोरडा गोळा (गाभा, इथे पीपीओचा) आणि भोवती केसाळ झालर (इथे पीईओची) असते. एफ१२७च्या बाबतीत झालर खरी, कोरडा गोळा अर्धवट खरा.

आकडे घेऊन बघू. एका मायसेलमध्ये ५० साखळ्या धरा. तापमानानुसार हा आकडा खालीवर होतो, पण हिशेबाला सोयीचा आहे. पीपीओची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. पहिल्या सूत्राने, ६५ पीओ म्हणजे ३,७७० रेणुभार, गाभ्याचं कोरडं आकारमान ३१३ घन नॅनोमीटर आणि त्रिज्या ४.२ नॅनोमीटर होते. समजा, न्यूट्रॉन स्कॅटरिंगच्या (न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून आतली रचना काढण्याच्या) फिटमधून, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवून, गाभ्याची त्रिज्या ४.८ आली. ४.८ त्रिज्येच्या गोळ्याचं आकारमान ४६३. उरलेले १५० घन नॅनोमीटर पीपीओने भरलेले नाहीत, तर तिथे पाणी आहे: ३२ टक्के. आता तोच फिट, त्याच ५० साखळ्या, फक्त दुसरं सूत्र, ५६ पीओ. कोरडं आकारमान २७०, आणि गाभ्यातलं पाणी ४२ टक्के. डेटा एक, नमुना एक, आणि लेबल बदलल्याने गाभ्यात दहा टक्के जास्त पाणी. दोन गटांचे गाभ्यातल्या पाण्याचे आकडे जुळत नाहीत तेव्हा भांडण बऱ्याचदा इथेच असतं. म्हणून आधी एनएमआर, मग मॉडेल.

पाणी मात्र खरंच असतं, तो निव्वळ फिटचा खेळ नाही. मायसेल बनायला लागतात त्या तापमानाच्या आसपास गाभा ओला असतो आणि तापवत नेला की कोरडा होत जातो. साखळ्यांची संख्या वाढते, गाभा आवळतो. पायरीनसारखा प्रोबही (भोवताल पाण्यासारखा की तेलासारखा ते स्वतःच्या प्रकाशातून दाखवणारा रेणू) तेच सांगतो. पाण्यात त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिखराचं गुणोत्तर साधारण १.८ असतं. मायसेलमध्ये ते उतरतं, पण हेक्झेनमध्ये दिसणाऱ्या ०.६ च्या जवळपासही जात नाही. गाभा हायड्रोकार्बनच्या तेलासारखा नाही, दर दुसऱ्या-तिसऱ्या अणूनंतर ऑक्सिजन असलेलं इथर आहे, आणि ओलं आहे. शिवाय पीपीओचं काचसंक्रमण (ज्या तापमानाखाली ते काचेसारखं कडक होतं ते) शून्याखाली सत्तरच्या आसपास, म्हणजे गाभा द्रव. त्यात साखळ्या आतबाहेर करत असतात.

झालरीचा हिशेब त्याहून बोलका. जलगतिक त्रिज्या (पाण्यात हलताना जाणवणारी त्रिज्या) ११ नॅनोमीटर धरली तर पूर्ण गोळ्याचं आकारमान सुमारे ५,५७५. गाभा वजा करून उरतात ५,१०० ते ५,२५०. ५० साखळ्यांचं पीईओ त्यात फक्त ६०० च्या घरात जागा घेतं. झालर म्हणजे सरासरी ८८ टक्के पाणी. ४.२ नॅनोमीटरच्या कोरड्या गाभ्याच्या पृष्ठभागावर शंभर पीईओची टोकं रोवलेली, प्रत्येकाला २.२ चौरस नॅनोमीटर जागा. प्रत्येक टोक पूर्ण ताणलं तर तीसेक नॅनोमीटर जाईल. प्रत्यक्षात झालरीची जाडी ६ ते ७. मोकळ्या पाण्यात याच लांबीच्या पीईओच्या वेटोळ्याचा व्यास, जायरेशन त्रिज्येची (केंद्रापासून साखळीच्या सरासरी पसाऱ्याची) दुप्पट धरून, ५.७ च्या आसपास येतो. म्हणजे साखळ्या थोड्याच ताणलेल्या आहेत. घट्ट ब्रश वगैरे म्हणणं अतिशयोक्ती. पीईओ गाभ्याजवळ दाट आणि बाहेर विरळ होत जातं, त्यामुळे बाहेरची कडा नेमकी कुठे हा प्रश्नच फारसा अर्थाचा नाही. वेगवेगळी उपकरणं वेगळं उत्तर देणारच.

कोणतं उपकरण काय दाखवतं

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग (विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून कणांचा आकार काढणारं उपकरण) सगळ्यांकडे असतं आणि सर्वाधिक घोळ तिथेच होतो. ५० साखळ्यांचं एक मायसेल एका सुट्या साखळीच्या २,५०० पट प्रकाश फेकतं. वजनाला वजन धरलं तरी ५० पट. म्हणून तीव्रतेच्या आलेखात २२ नॅनोमीटरचं शिखर दिसलं की सगळं मायसेल झालं असं समजू नका. निम्म्या साखळ्या सुट्या असू शकतात. कधीकधी शंभर नॅनोमीटरच्या पुढे एक शिखर येतं. धूळ नसेल, तर बहुधा पाण्याशी फारसं न जमणाऱ्या, पीपीओ जास्त असलेल्या अशुद्धीचे पुंजके. मायसेल बनू लागतात त्या तापमानाजवळ ते ठळक दिसतात आणि तापवल्यावर मायसेल्स त्यांना पोटात घेतात. पावडर हेक्झेनने धुतली तर हा त्रास कमी होतो. संहती १ टक्क्याच्या वर नेऊ नका. तापमान बदलल्यावर नमुना स्थिर होऊ द्या. सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची चिकटता त्या त्या तापमानाची आहे ना ते बघा. आणि १५ अंशांवर मोजताना कुव्हेटच्या बाहेर दव धरतं, ते पुसा.

आतली रचना हवी असेल तर स्मॉल अँगल न्यूट्रॉन स्कॅटरिंगला पर्याय नाही. जड पाण्याची स्कॅटरिंग लेंथ डेन्सिटी (न्यूट्रॉन विखुरण्याची ताकद) ६.४, पीईओची ०.६४, पीपीओची ०.३५, तिन्ही १०⁻⁶ प्रति चौरस आँगस्ट्रॉममध्ये. गाभ्यात जड पाणी शिरलं की त्याचा आकडा वर चढतो, म्हणूनच ओलावा मोजता येतो. इथे दोन गोष्टी चुकतात. एक, द्रावण बनवताना जड पाणी वजनाने तेवढंच घेतलं जातं. त्याची घनता १.१०७ आहे, तेव्हा साध्या पाण्यातल्या ५ टक्क्यांच्या बरोबरीचं जड पाण्यातलं द्रावण सुमारे ४.५ टक्के. शिवाय जड पाण्यात मायसेल किंचित कमी तापमानाला बनतं. दोन, तीव्रता निरपेक्ष एककात आणलेली नसते. तशी आणली नसेल तर साखळ्यांची संख्या, गाभ्याची त्रिज्या आणि पाण्याचं प्रमाण हे तिघे एकमेकांची भरपाई करतात आणि फिट सुंदर दिसूनही उत्तर काहीही येतं. सासव्ह्यू या फिटिंग सॉफ्टवेअरमधलं पॉलिमर-मायसेल मॉडेल, म्हणजे पेडरसन यांचं गोळा आणि गाउसियन साखळ्यांचं मॉडेल, चांगलं आहे. पण त्यात गाभ्याची त्रिज्या आणि साखळ्यांची संख्या स्वतंत्र देता येते. त्यांचा मेळ बसतो का ते वरच्या हिशेबाने आपणच पाहायचं. १ ते २ टक्क्यांत मोजा. त्याहून दाट झालं की मायसेल्समधल्या परस्पर ढकलाढकलीचं शिखर येतं आणि हार्ड स्फिअर स्ट्रक्चर फॅक्टर (एकमेकांना ढकलणाऱ्या गोळ्यांसाठीची दुरुस्ती) जोडावा लागतो.

यासाठी परदेशी जायची गरज नाही. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीवर हे उपकरण आहे, आणि व्ही. के. अस्वल यांच्यासह तिथल्या संशोधकांनी प्लुरॉनिकवर भरपूर काम केलं आहे. विद्यापीठांतल्या लोकांना यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत तिथे पोहोचता येतं. उपकरणाची क्यू-मर्यादा (क्यू ही विखुरण्याच्या कोनाची मोजपट्टी, मोठा क्यू म्हणजे बारीक तपशील) साधारण ०.१७ ते ३.५ प्रति नॅनोमीटर. एफ१२७च्या गाभ्यासाठी ती सोयीची आहे.

एक्स-रे स्कॅटरिंग हे स्वस्तातलं न्यूट्रॉन नव्हे. पाण्याची इलेक्ट्रॉन घनता घन नॅनोमीटरमागे ३३४, पीपीओची ३३३. गाभा जवळजवळ अदृश्य! पाण्यातल्या पीईओची ३९०च्या पुढे, म्हणजे एक्स-रेला मुख्यतः झालर दिसते. एकाच नमुन्यावर दोन्ही मोजून एकत्र फिट केलं तर जो विश्वास येतो तो एकट्या कशानेही येत नाही. साध्या टीईएमचं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) सांगायचं तर ग्रिडवर वाळवलेलं मायसेल हे मायसेल राहत नाही, ८८ टक्के पाण्याची झालर चपटी होते. क्रायो-टीईएम (नमुना झटकन गोठवून पाहणं) ठीक, पण ब्लॉटिंग करताना, म्हणजे जादा द्रव टिपून घेताना, बाष्पीभवनाने फिल्म गार होते आणि २५ अंशांवरचा नमुना मायसेलच्या तापमानाखाली घसरू शकतो. चेंबर गरम आणि दमट ठेवा.

जेल

१८ टक्के द्रावणात ५० साखळ्यांच्या हिशेबाने एका मायसेलच्या वाट्याला ५,८०० घन नॅनोमीटर येतात. दाट रचलेल्या जाळीत शेजाऱ्याचं अंतर सुमारे २० नॅनोमीटर. मायसेलचा व्यास २२. झालरी एकमेकींना भिडून थोड्या आत शिरल्या की ना पुढे सरकता येतं ना मागे, आणि बाटली उलटी केली तरी द्रावण खाली येत नाही. जाळं विणलं जात नाही, गर्दी होते. म्हणून डीएससीत मायसेलचं शिखर मोठं आणि जेलचं अगदी बारीक.

इथेही डायब्लॉक आडवा येतो. मॉर्टेन्सन, बॅट्सबर्ग आणि व्हिट यांनी २००८ मध्ये दाखवलं की डब्यातून काढलेलं एफ१२७ फेस-सेंटर्ड क्यूबिक जाळी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर मायसेल) बनवतं आणि डायब्लॉक काढून शुद्ध केलेलं बॉडी-सेंटर्ड (कोपऱ्यांवर आणि घनाच्या मध्यभागी मायसेल). पेपरांत दोन्ही उत्तरं का सापडतात याचा खुलासा यात बराचसा आहे. दुसरा भाग असा की एका शिखरावरून जाळी ओळखताच येत नाही: २० टक्क्यांना पहिलं शिखर फेस-सेंटर्ड जाळीत ०.३९५ ला आणि बॉडी-सेंटर्डमध्ये ०.४०६ प्रति नॅनोमीटरला येईल. पुढची शिखरं मोजा. पहिलीत शिखरांच्या जागांच्या वर्गांची गुणोत्तरं ३, ४, ८, ११ आणि दुसरीत २, ४, ६. ऱ्हिओमीटरमध्ये (जेलचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रात) नमुना ५ ते १० अंशांवर, द्रव असताना भरा. जेल चमच्याने भरलं तर अडकलेली हवा आणि मोडलेली जाळी मोजली जाते. कडेला तेलाचा पातळ थर द्या, नाहीतर कड सुकते आणि मॉड्युलस (कडकपणा) वाढतच राहतो.

कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

औषध वाहून नेण्यासाठी शिरेतून द्यायचं असेल तर गणित कच्चं आहे. १ टक्क्याचं द्रावण शंभरपट पातळ झालं की ०.०१ टक्के, शरीराच्या तापमानाला मायसेल टिकायला त्याहून जास्त लागतं. गाभा द्रव असल्यामुळे साखळ्या सुटतातही लवकर. एल६१ हा दुसरा प्लुरॉनिक आणि एफ१२७ यांचं मिश्रण डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधासोबत एसपी१०४९सी या नावाने माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं खरं, पण नुसतं एफ१२७ घेऊन कोणी दीर्घकाळ टिकणाऱ्या मायसेलचा दावा करत असेल तर पातळ केल्यावरची मोजणी मागा. डोळ्यात, त्वचेवर, जखमेवर लावायचं असेल तर मात्र थंड द्रव आणि अंगावर जेल हा गुण फार मोलाचा.

टिकाऊ मायसेल हवं असेल तर पॉलिस्टायरीन-पीईओकडे वळा: गाभा काचेसारखा गोठलेला, पण मग विद्रावक आणि डायलिसिसची कटकट, आणि बनवण्याची रीत बदलली की मायसेल बदलतं. मायसेल साचा म्हणून वापरून सच्छिद्र सिलिका करणाऱ्यांनी पी१२३ हा प्लुरॉनिक घ्यावा. एसबीए-१५ ही सिलिका त्यावरच बनते, एफ१२७वर एसबीए-१६. पी१२३ची पेस्ट असते, तोलताना चिकटते. एफ६८ हे प्लुरॉनिक मात्र मायसेल म्हणून घेऊ नका. खोलीच्या तापमानाला ५ टक्क्यांतही ते सुट्या साखळ्यांतच राहतं.

फक्त रचनेच्या अभ्यासासाठी घेत असाल तर एकाच लॉटचा पुरेसा माल एकदम घ्या. २५० ग्रॅममध्ये एक पीएचडी आरामात निघते. डबा घट्ट बंद, गार आणि अंधारात ठेवा: पीईओ हवेत हळूहळू पेरॉक्साइड बनवतं, साखळी तुटते, अल्डिहाइड तयार होतात आणि द्रावणाचा पीएच खाली येतो. २.५ टक्के द्रावणाचा पीएच ५ ते ७.५ असावा. वर्षभर उघडझाप केलेल्या डब्याचा हा पीएच आणि पेरॉक्साइडची पट्टी, दोन्ही पाहिल्याशिवाय त्यावर एंझाइम किंवा पेशींचं काम करू नका. आणि लॉट नंबर वहीत लिहा, पेपरातही छापा.